साहेबाचे ओटे आणि तीस वर्षांची चूक

ऑगस्ट लागला की विजयदुर्ग आणि हेलियमची गोष्ट पुन्हा फिरू लागते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते, नॉर्मन लॉकियर नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ देवगड तालुक्यातल्या या किल्ल्यावर दुर्बीण लावून बसले होते, आणि इथूनच त्यांना सूर्यावर हेलियम सापडला, अशी ती गोष्ट. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवले जाणारे चौथरे आहेत, तो पुरावा. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, शाळांची मुले येतात, भाषणे होतात. हल्ली त्याच्या मागोमाग दुसरी फेरी सुरू होते. कोणीतरी लिहितो की हे सगळे थोतांड आहे, हेलियम गुंटूरला जान्सेन नावाच्या फ्रेंच माणसाने शोधला, विजयदुर्गाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मग पहिला पक्ष दुसऱ्याला आपल्या मातीची लाज वाटणारा ठरवतो, दुसरा पहिल्याला अडाणी. आठवडाभरात सगळे थंड होते, ते थेट पुढच्या ऑगस्टपर्यंत.

या वादात दोन्ही बाजू चुकताहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला नाही. ते सांगणे आपण थांबवले पाहिजे, आणि लहान मुलांपुढे तर आजच थांबवले पाहिजे. पण 'काडीचा संबंध नाही' म्हणणाऱ्यांनीही पुरेसे वाचलेले नाही. विजयदुर्गाचा संबंध आहे, तो वेगळ्या वर्षाचा आणि वेगळ्या कामाचा आहे. आणि 'जान्सेननी गुंटूरला हेलियम शोधला' हे त्यांचे उत्तरही तितकेच कच्चे आहे. विज्ञानाच्या इतिहासातल्या चमत्कारिक गोष्टी सांगाव्यात की नाही, हा प्रश्नच माझ्यापुढे नाही. सांगाव्यातच. त्या अर्ध्यावर सोडू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

आधी १८६८ साल. त्या वर्षीच्या ग्रहणाची सावली एडनकडून आली, अरबी समुद्र ओलांडून कोकणात शिरली आणि दख्खन कापत बंगालच्या उपसागराकडे गेली. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती, म्हणून जगभरचे निरीक्षक तिच्या वाटेवर जमले. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि पॅरिसहून आलेले जूल जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन. विजयदुर्गाचा किनाराही सावलीच्या पट्ट्यात होता, हे खरे. मात्र लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हते. ते लंडनमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करणारा, फावल्या वेळात आकाश पाहणारा हा बत्तिशीतला माणूस घरी बसून एका उपकरणाची वाट पाहत होता.

ती वाट पाहण्याची कथा मला नेहमीच ग्रहणापेक्षा जास्त आवडत आली आहे. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाला तोवर फक्त खग्रास ग्रहणात दिसत. एरवी सूर्याच्या झगमगाटात त्या बुडून जात. लॉकियर यांनी १८६६ सालीच सुचवले होते की पुरेसा ताकदीचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांच्या पट्ट्यात पसरवून दाखवणारे यंत्र, असेल तर ग्रहणावाचूनही त्या पकडता येतील. सूर्यप्रकाश वर्णपटात पसरला की फिका पडतो. ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या ठळक रेषांत एकवटलेला असतो, म्हणून त्या रेषा टिकून राहतात. कल्पना पक्की होती, पण यंत्र नव्हते. सरकारी अनुदान मिळाले, काम कारागिराकडे गेले आणि तिथे रखडले. वर्णपटदर्शक हाती आला तो १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण होऊन दोन महिने उलटल्यावर. चार दिवसांनी, २० ऑक्टोबरला, लंडनच्या आकाशातल्या साध्या, ग्रहण नसलेल्या सूर्याच्या कडेवर त्यांना त्या रेषा दिसल्या.

तिकडे गुंटूरला जान्सेन यांना ग्रहणात त्याच रेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण सुटता सुटताच त्यांच्या मनात आले: या उद्याही दिसतील. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा. महिन्याभराने त्यांनी पॅरिसच्या अकादमीला पत्र लिहिले, ते बोटीने हळूहळू निघाले. ते पोचले आणि लॉकियर यांची बातमीही पोचली; २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत दोन्ही वाचली गेली. एकाने हजारो मैलांचा प्रवास करून जे साधले, ते दुसऱ्याने लंडनमध्ये घरबसल्या, एकमेकांना काही ठाऊक नसताना. श्रेयासाठी भांडण न करता फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. या प्रसंगातले चमत्कारिकपण कमी पडले, म्हणून त्यात विजयदुर्ग घालावा लागावा?

इथपर्यंत ऐकून खंडन करणारा पक्ष म्हणेल, बघा, म्हणजे जान्सेनच पहिले. पण पहिले कशात? सूर्यज्वाला ग्रहणाशिवाय पाहण्यात, हो. हेलियममध्ये नाही. ज्वालेच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. अशा रेषा म्हणजे मूलद्रव्याची ओळख; प्रत्येकाच्या रेषा ठरलेल्या जागीच पडतात. सोडियमच्याही दोन पिवळ्या रेषा त्याच भागात असतात, तरंगलांबीच्या मापात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला. ग्रहणाच्या घाईत बहुतेकांनी ही रेषा सोडियमचीच धरली. पॉगसन यांनी ती सोडियमच्या जागी किंवा जागेजवळ आहे अशी सावध नोंद केली. त्यांचा अहवाल मद्रासेत छापून झाला आणि युरोपात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. जान्सेन यांनी नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा केलाच नाही. रेषेची जागा शांतपणे, दिवसामागून दिवस मोजत बसण्याची मुभा फक्त ग्रहणावाचून पाहणाऱ्याला होती. लॉकियर यांनी मोजले. रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. ती थोडी बाजूला, ५८७.६ ला पडत होती. पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्वालेत तिथे रेषा नव्हती.

तरीही 'नवे मूलद्रव्य' म्हणण्याची घाई झाली नाही. लॉकियर रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याकडे गेले. हायड्रोजनच वेगळ्या दाबाखाली, वेगळ्या तापमानाला असा वागतो का, हे दोघांनी तपासले. फ्रँकलंड यांना नव्या मूलद्रव्याची कल्पना पटत नव्हती. १८७१ साली एडिंबराच्या भाषणात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 'हेलियम' हे नाव जाहीरपणे उच्चारले आणि ते दोघांच्याही नावावर टाकले. त्यानंतरही जवळजवळ पंचवीस वर्षे हेलियम म्हणजे एक रेषा आणि एक नाव, एवढाच होता. १८८१-८२ च्या सुमारास इटलीत पाल्मिएरी यांनी व्हेसुव्हियसच्या लाव्हात ती रेषा दिसल्याचे सांगितले. पण त्यांच्या पद्धतीत तो वायू मिळणे शक्य वाटत नसल्याने कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. अमेरिकेत हिलब्रँड यांच्या हातात तर युरेनियमच्या खनिजातून निघालेला तो वायू प्रत्यक्ष आला होता. वर्णपटात अनोळखी रेषाही दिसल्या होत्या. त्यांनी तो नायट्रोजन समजून सोडून दिला. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्से आर्गॉनच्या शोधात क्लेव्हाइट नावाच्या खनिजावर आम्ल टाकत होते, तेव्हा निघालेल्या वायूने एक लखलखीत पिवळी रेषा दाखवली. रॅम्से यांनी आधी त्याला क्रिप्टॉन म्हणून पाहिले. नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे गेला आणि त्यांनी मोजून कळवले की हा क्रिप्टॉन नाही, हेलियम आहे. लॉकियर तेव्हा एकोणसाठीला टेकत होते. सत्तावीस वर्षे त्यांनी एका रेषेची वाट पाहिली होती.

आता सांगा, हेलियमचा शोध कधी लागला? १८ ऑगस्ट १८६८? २० ऑक्टोबर? १८७१ ला नाव पडले तेव्हा? की १८९५ ला वायू बाटलीत आला तेव्हा? ज्यांना एक तारीख आणि एक जागा हवी आहे, ते दोन्ही पक्ष इथे एकाच खड्ड्यात पडले आहेत. शोध म्हणजे खुंटी ठोकून 'इथे' असे सांगता येईल अशी घटना नसते. हे म्हणणे पळवाट वाटू नये, म्हणून शेजारचीच दोन उदाहरणे देतो. १८६४ साली विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या प्रकाशात अनोळखी हिरव्या रेषा दिसल्या. त्यावरून 'नेब्युलियम' हे मूलद्रव्य मानले गेले. १८६९ च्या अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांना सूर्याच्या प्रभाकिरीटात, म्हणजे करोनात, एक हिरवी रेषा दिसली. तिचे 'कोरोनियम' झाले. तर्क अक्षरशः तोच होता: अनोळखी रेषा, म्हणून अनोळखी मूलद्रव्य. त्याच काळचे, तितकेच हुशार लोक होते, साधनेही तीच होती. आणि दोन्ही मूलद्रव्ये अस्तित्वातच नव्हती. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, हे १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवले. कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड, हे ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी १९३९ ते १९४३ या काळात सिद्ध केले, आणि त्याबरोबर करोनाचे तापमान लाखो अंश आहे हेही मान्य करावे लागले. १८७१ साली या तीन अंदाजांपैकी कोणता खरा निघेल, हे सांगायला कुणापाशी काय आधार होता? फ्रँकलंड यांची शंका अडेलपणाची नव्हती, योग्य होती. हेलियमला हेलियमपण मिळाले ते रॅम्से यांच्या भांड्यात. त्याआधी तो एक चांगला अंदाज होता, आणि तसल्याच दोन चांगल्या अंदाजांची राख झालेली आहे.

मग विजयदुर्ग या कथेत आला कसा? इथे खंडन करणाऱ्या पक्षावर माझा खरा राग आहे, कारण त्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही. 'खोटे' असा शिक्का मारून ते निघून गेले. किल्ल्यावर कोणीतरी ओटे बांधले, त्यांना गावाने 'साहेबाचे' म्हटले, एका ग्रहणाशी आणि एका लॉकियरशी ते जोडले गेले. हे सगळे हवेतून आले असेल? लॉकियर विजयदुर्गावर आले होते. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण पाहायला त्यांची मोहीम याच किल्ल्यात उतरली. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव 'विझियाद्रुग' असे लिहिलेले आहे, म्हणून आपल्याकडच्या शोधणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटत असावे. आरमाराची 'मेल्पोमिनी' ही नौका मदतीला होती आणि तिच्यावरच्या खलाशांना शिकवून, सराव करून घेऊन निरीक्षणाची कामे वाटून दिली होती. दुर्बिणी, लोलक लावलेले कॅमेरे ठेवायला पक्के, न हलणारे चौथरे लागतातच. ओटे त्याच छावणीचे असणार, हा मी काढलेला निष्कर्ष आहे, पण १८६८ च्या कथेपेक्षा त्याला कितीतरी भक्कम पाया आहे.

म्हणजे गावाने माणूस बरोबर लक्षात ठेवला, जागा बरोबर ठेवली, प्रसंग ग्रहणाचा होता हेही बरोबर ठेवले. तीस वर्षांचे अंतर तेवढे निसटले. पुढे केव्हातरी कुणी पुस्तकात 'लॉकियर, हेलियम, १८६८, हिंदुस्थानातले ग्रहण' हे शब्द शेजारी शेजारी वाचले असतील आणि ओट्यांवर नेऊन बसवले असतील. लोकांच्या आठवणीची चूक यात किती आणि पढिकांच्या घाईची किती, याचा विचार करा. मौखिक आठवण ही इतिहासाची कच्ची सामग्री असते. ती तपासून घ्यायची असते. तिला डोक्यावर घेणारा आणि तिला लाथाडणारा, दोघेही तपासण्याचे कष्ट वाचवतात.

आता पहिल्या पक्षाचे सर्वांत जोरदार म्हणणे. ते असे की, या गोष्टीने कोणाचे काय बिघडते? तिच्या निमित्ताने मुले किल्ल्यावर येतात, वर्णपट हा शब्द ऐकतात. ज्या किल्ल्याच्या तटबंदीकडे कुणाचे लक्ष नाही त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी जिल्ह्याचे लक्ष जाते. मी हे हलके घेत नाही. शाळेच्या सहलीत त्या ओट्यांपाशी उभे राहून मीही ही गोष्ट तोंड उघडे टाकून ऐकली आहे, आणि विज्ञानाबद्दल मला जी ओढ लागली तिच्यात त्या दुपारचा वाटा आहे. पण मग मोठेपणी कळले की ती गोष्ट तशी नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आले की सरांनी सांगितलेले बाकीचे तरी खरे असेल का? बिघडते ते इथे. ज्या विषयाचा जीवच 'पडताळून पाहा' या दोन शब्दांत आहे, त्याची ओळख न पडताळलेल्या गोष्टीने करून द्यायची, आणि वर तिला विज्ञानप्रसार म्हणायचे? गणपतीच्या आरतीत चुकीचा शब्द म्हटला तर देव रागावत नाही म्हणतात. इथे चुकीचे साल सांगितले, तर ज्यासाठी मुलाला आणले तेच हातून जाते.

दुसरे म्हणणे अधिक टोकदार आहे. पाश्चात्त्यांनी काय कमी दंतकथा पोसल्या? गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकले, हे शतकानुशतके शिकवले गेले. त्याचा मुख्य आधार म्हणजे त्याच्या शिष्याने, व्हिव्हियानीने, लिहिलेले चरित्र. हेलियमचे श्रेय १८ ऑगस्टच्या जान्सेनना देणारी वाक्ये आजही इंग्रजी पुस्तकांत सर्रास सापडतात. मग सगळी शिस्त आम्हालाच का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच वर जान्सेन यांचे श्रेयही मी तपासून घेतले. पण यातून निघते काय? त्यांच्या दंतकथा त्यांच्याच इतिहासकारांनी कागदपत्रे उघडून पारखल्या. व्हिव्हियानीचे म्हणणे किती धरायचे यावर त्यांच्याकडे वाद झाले, आजही होतात. शिस्त सर्वांना सारखी हवी, हे म्हणणे खरे करायचे तर ती आपणही लावून घ्यावी लागते. शेजाऱ्याच्या मापात खोट आहे म्हणून आपल्या मापात खोट ठेवणारा दुकानदार गिऱ्हाइकाला काय सांगणार?

तिसरे म्हणणे मला सर्वांत जवळचे आहे आणि सर्वांत जास्त दुखवणारेही. ते असे की इतिहास साहेबाने लिहिला. या देशातल्या माणसांनी दुर्बिणी उचलल्या, वेध घेतले, हिशेब केले, आणि नावे मात्र गोऱ्यांची राहिली. तेव्हा कागदावर नाही म्हणजे घडले नाही, असे आम्हाला सांगू नका. अन्याय झाला, यात वाद नाही. पण विजयदुर्गाची कथा त्या अन्यायाची भरपाई कशी करते? तिचा नायक कोण आहे? लंडनच्या युद्धखात्यातला कारकून. आपल्या किल्ल्यावर उभे राहून एका इंग्रजाने शोध लावला, यात आपला अभिमान तो कशाचा, दगडांचा? भरपाई करायचीच असेल तर माणसे शोधायला हवीत, आणि ती शोधायला फार लांब जावे लागत नाही.

१८ ऑगस्ट १८६८ च्याच दिवशी, त्याच सावलीत, निजामाच्या मुलखातल्या वनपर्तीला मद्रास वेधशाळेची एक तुकडी उभी होती. तिचे प्रमुख होते चिंतामणी रघुनाथाचारी. पॉगसन यांचे सहायक. आदल्याच वर्षी त्यांनी जालक या तारकासमूहातला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा शोधून काढला होता. आधुनिक काळात भारतीयाने लावलेला असा तो पहिलाच शोध मानला जातो. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता त्याआधी, सामान्य माणसाला ते समजावे म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली आणि ती अनेक भारतीय भाषांत नेण्याची खटपट केली. पंचांगे सुधारावीत म्हणून झटणारा हा माणूस. १८ ऑगस्टला आपण दरवर्षी भाषणे करतो, आणि त्या दिवशी खरोखर वेध घेणाऱ्या या भारतीयाचे नाव त्यांत कितीदा येते? जो तिथे नव्हता त्याला आपण ओट्यावर बसवले, आणि जो होता त्याला बाहेर ठेवले. हे साहेबाने केलेले नाही. हे आपण केले आहे.

आणि १८९८? तेव्हा सावली विजयदुर्गावरून ईशान्येला, करमाळ्याजवळच्या जेऊरवरून गेली. रेल्वेचे ठिकाण असल्याने जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल येऊन थांबले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांचीही छावणी होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी चालवली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. वर्णपटशास्त्र हाच त्यांचा विषय होता. ग्रहणाचा सविस्तर अहवाल त्यांनी तयार केला आणि तो छापला गेला. ते निवृत्त झाल्यावर १९१२ साली वेधशाळा बंद पडली, उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यातल्या किती जणांना ही वेधशाळा कधी होती हे माहीत आहे? साल लक्षात घ्या. प्लेगची साथ मुंबई-पुण्याला पोखरत होती, रँडचा खून होऊन सात महिने झाले होते, आणि त्या काळात एक पारशी प्राध्यापक वर्णपटदर्शक घेऊन सोलापूरच्या माळावर दोन मिनिटांच्या अंधाराची तयारी करत होता. या गोष्टीत कोणते खोटे मिसळले की ती आणखी चांगली होईल?

खंडन करणाऱ्यांना मला शेवटचे एवढेच विचारायचे आहे: एखादी लोककथा चुकीची आहे हे सांगून झाल्यावर तुम्ही त्या मुलाच्या हातात काय ठेवता? तो ओट्यावर उभा आहे, समोर समुद्र आहे, त्याला आत्ताच कळले की हेलियम इथे सापडला नाही. त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: मग इथे काय झाले? याचे उत्तर तयार ठेवल्याशिवाय किल्ल्यावर जाऊ नये, मग आपण कुठल्याही पक्षाचे असू. उत्तर आहे, आणि ते हेलियमपेक्षा कमी नाही.

२२ जानेवारी १८९८ च्या दुपारी विजयदुर्गावर दोन मिनिटांच्या आसपास अंधार झाला. गावात 'दे दान, सुटे गिराण'च्या हाका चालू असतील, आणि तटाच्या आत खलाशी आपापल्या कॅमेऱ्यापाशी नेमून दिलेल्या काचा बदलत असतील. सूर्याच्या कडेच्या पातळ थराचा वर्णपट टिपणे हे मोठे काम होते. त्यात हेलियमच्या रेषा येतातच, पण आता त्या ओळखीच्या होत्या, तीन वर्षांपूर्वीच पृथ्वीवर त्यांची गाठ पडली होती. अनोळखी होती ती कोरोनियमची हिरवी रेषा. जवळजवळ तीस वर्षे तिची जागा ५३१.७ नॅनोमीटरला मानली जात होती. तिथे लोखंडाचीही एक रेषा असल्याने सगळा गुंता झाला होता. भारतात त्या दिवशी घेतलेल्या छायाचित्रांवरून कळले की जागाच चुकली होती. हिरवी रेषा ५३०.३ ला आहे. जुन्या ठिकाणच्या लोखंडाच्या रेषेशी तिचे नाते तुटले. ही नवी जागाही अखेर लोखंडाचीच, पण ओळखूच येणार नाही इतक्या विचित्र अवस्थेतल्या लोखंडाची, हे कळायला आणखी चार दशके जायची होती. लॉकियर १९२० साली वारले, तोवर कोरोनियम हे मूलद्रव्यच समजले जात होते.